फांद्या फुटूनही गोठत कसं नाही?

बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीवाल्यांशी गप्पा झाल्या की एक प्रश्न हमखास येतो. वाळूच्या कोअरमधलं (ओतकामात पोकळी ठेवणाऱ्या वाळूच्या गाभ्यामधलं) फिनॉलिक रेझिन, म्हणजे फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडपासूनचा चिकट बांधक, त्यांच्या रोजच्या कामातलं. एकदा पक्कं झालं की ते कशातच विरघळत नाही. ‘मग सर, तुमच्या पॉलिमरला तर फांद्याच फांद्या. तो मेथॅनॉलमध्ये विरघळतो कसा?’ तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

फिनॉलवर जोडणीच्या तीन जागा, फॉर्माल्डिहाइडला दोन. फांद्या एकमेकींना मिळतात, जाळं तयार होतं आणि सगळं गोठतं. पण रेणूला एका प्रकारचा एकच हात आणि दुसऱ्या प्रकारचे दोन दिले, तर वाढत्या झाडाची सगळी टोकं दुसऱ्याच प्रकारची राहतात. ती आपापसांत जुळत नाहीत, म्हणून जाळंही होत नाही. पॉलिमरशास्त्रज्ञ पॉल फ्लोरी यांनी १९५२ मध्येच हे गणितानं दाखवलं.

माझं काम पामाम डेंड्रिमरवर चालतं, म्हणजे गाभ्यापासून थराथरानं नेमक्या फांद्या फुटत जाणाऱ्या पॉलिमरवर. इथिलीनडायअमाइनवर मिथाइल अ‍ॅक्रिलेट चढवायचं, मग पुन्हा इथिलीनडायअमाइन. प्रत्येक अमाइनवर (नायट्रोजनच्या टोकावर) दोन अ‍ॅक्रिलेट बसतात, म्हणून दर पिढीला, म्हणजे या दोन पायऱ्यांच्या प्रत्येक फेरीला, टोकं दुप्पट: ४, ८, १६, ३२, ६४. इथं जाळ्याचा धोका असतोच, कारण डायअमाइनची दोन टोकं दोन झाडांना धरू शकतात. म्हणून ते भरपूर जास्त घालतात. खरी मेहनत पुढे आहे. उरलेलं डायअमाइन टोल्युइन आणि मेथॅनॉल घालून, व्हॅक्यूमखाली, पुन्हा पुन्हा उडवावं लागतं. थोडं जरी राहिलं तरी पुढच्या पायरीत ते स्वतःचं नवं रोपटं सुरू करतं, आणि मोठ्या झाडांत बुटकी झाडं मिसळतात. फ्लास्कच्या तळाशी दाट, चिकट द्रव उरतो. एनएमआरमध्ये (रेणूची रचना दाखवणाऱ्या तपासणीत) ३.७ पीपीएम या खुणेजवळची, अ‍ॅक्रिलेटमधून आलेल्या एस्टरची रेघ गेली की अमाइनची पायरी पूर्ण झाली. उरलेल्या डायअमाइनची खात्री मात्र तेवढ्यानं होत नाही, ती वेगळी करावी लागते.

या अमाइनच्या टोकांसाठीच सगळा खटाटोप. पाण्यात ती धनभारित होतात आणि पेशीच्या पटलाला इजा करतात. अ‍ॅसिटिक अ‍ॅनहायड्राइडनं काही टोकं झाकली की विषारीपणा उतरतो, उरलेल्यांवर औषध किंवा रंगद्रव्य बांधता येतं. किती झाकायची, हे ठरवण्यातच मला या कामाचा सगळ्यात जास्त रस वाटतो.

कुणी कोटिंगसाठी विचारलं तर मात्र मी डेंड्रिमर सुचवत नाही. एकाच भांड्यात होणारा हायपरब्रांच्ड पॉलिएस्टर (वर सांगितलेल्या एक-दोन हातांच्या रेणूंपासून वाढणारा, भरपूर फांद्यांचा पॉलिमर) घ्या म्हणतो. त्याच्या फांद्या कमीजास्त असतात, पण तेवढ्याच वजनाच्या सरळ साखळीपेक्षा तो पातळ राहतो, आणि टोकांच्या हायड्रॉक्सिलवर हवं ते चढवता येतं.