नव्या बेस गिटारची ॲक्शन लावताना

नवी बेस गिटार घरी आली की तिच्या तारा बहुतेक वेळा हव्या त्यापेक्षा उंच असतात (या उंचीलाच ॲक्शन म्हणतात) आणि बारा-पंधरा मिनिटे वाजवल्यावर डाव्या हाताची बोटे ते सांगू लागतात. अशा वेळी ब्रिजवरच्या सॅडलचे (बॉडीकडच्या टोकाला तारा ज्यांवर टेकतात त्या तुकड्यांचे) स्क्रू फिरवून तारा खाली आणण्याचा मोह होतो, पण माझ्या मते ते काम सर्वांत आधी करण्याचे नाही. तारेची उंची नेकचा (गिटारच्या लांब दांड्याचा) बाक, नटच्या (दांड्याच्या वरच्या टोकाला तारा जिच्या खाचांतून जातात त्या पट्टीच्या) खाचांची खोली आणि सॅडलची उंची या तिन्हींवर अवलंबून असते, आणि नेकचा बाक बदलला की सॅडलवर केलेली सगळी मेहनत पुन्हा करावी लागते.

तारा बदलायच्या असतील तर त्या सुरुवातीलाच बदलाव्यात. ३४ इंच स्केलच्या (नट ते सॅडल एवढ्या तारेच्या लांबीच्या) बेसवर ४५ ते १०५ गेजच्या (इंचाच्या हजारांश भागांत मोजलेल्या जाडीच्या) चार तारा सुरात आणल्यावर नेकवर मिळून ७५ किलोंच्या आसपास ताण पडतो. गेज बदलले की हा ताण बदलतो आणि त्याबरोबर बाकही बदलतो. या ताणाला नेकच्या आतील धातूचा लांब दांडा, म्हणजे ट्रस रॉड, तोलून धरतो. बाक मोजण्यासाठी बेस सुरात लावून, वाजवताना धरतो तशीच धरावी, एक तार पहिल्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) आणि नेक जिथे बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर दाबावी आणि आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यात किती फट उरते ते फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) पाहावे. (मोटरसायकलचे टॅपेट लावायला मेकॅनिक वापरतात तेच हे गेज, त्यासाठी संगीताच्या दुकानात जाण्याची गरज नाही.) ०.३ मिलिमीटरच्या आसपास फट असेल तर बहुतेकांचे काम भागते. फट जास्त असल्यास ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने कसावा, अगदीच नसल्यास सैल करावा. मात्र एका वेळी अष्टमांश फेराच द्यावा, पुन्हा सूर लावावा आणि मगच मोजावे. रॉड फिरवायची षटकोनी ॲलन की नेमक्या मापाची नसेल तर रॉडच्या टोकावरच्या नटाच्या आतले कोपरे झिजतात आणि मग दुरुस्ती महागात जाते, त्यामुळे जोर लावावा लागत असेल तर तिथेच थांबलेले बरे.

यानंतर सॅडल. सतराव्या फ्रेटवर मोजले असता सर्वांत जाड ई तारेखाली सुमारे २.४ आणि सर्वांत बारीक जी तारेखाली सुमारे २ मिलिमीटर अंतर ही चांगली सुरुवात आहे. त्याहून खाली जाण्याची चढाओढ मला पटत नाही, कारण ४१ हर्ट्झच्या आसपास कंप पावणारी जाड तार बरीच जागा घेते, आणि उजवा हात जोरकस असेल तर ती फ्रेटवर आपटणारच. किती खाली जायचे हे म्हणूनच उजव्या हाताने ठरवावे. खरखर कुठे होते हेही पाहावे: ती फक्त पहिल्या चार-पाच फ्रेटवर असेल तर नेक जास्त सरळ झालेली असण्याचा संभव असतो, केवळ मोकळ्या तारेवर असेल तर नटची खाच खोल असते, आणि एकाच जागी असेल तर तिथला फ्रेट असमान असतो, जो सॅडल फिरवून सुधारत नाही. ॲम्प्लिफायरमधून ऐकू न येणाऱ्या बारीक खरखरीकडे मात्र मी दुर्लक्ष करतो.

उंची पक्की झाल्यावरच इंटोनेशनला, म्हणजे प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागण्याला, हात घालावा. तार दाबताना ती किंचित ताणली जाते आणि तिचा सूर चढतो, म्हणून बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर तिथल्याच हार्मोनिकशी (तार न दाबता नुसता स्पर्श करून निघणाऱ्या स्वराशी) ट्यूनरवर ताडून पाहायचा. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे (नेकपासून दूर), उतरलेला असेल तर पुढे. जाड तारेवर हा परिणाम जास्त असल्यामुळे ई तारेचे सॅडल सहसा सर्वांत मागे दिसते. ते तिरपे दिसते म्हणून ओळीत आणू नये.

शेवटी पिकअपची, म्हणजे तारांखालच्या, त्यांचे कंपन टिपणाऱ्या चुंबकीय भागाची, उंची. चुंबक तारेच्या फार जवळ असल्यास वरच्या (बॉडीकडच्या) फ्रेटवर स्वर डळमळतो आणि इंटोनेशन लागतच नाही असे वाटते. त्या वेळी सॅडलऐवजी पिकअप थोडा खाली घ्यावा.