बेला व्हायाडक्ट: मधला मनोरा अखेर पीळ न पडता उभा राहिला

मंडळी, जमलं! इंग्लंडमधल्या बेला या जुन्या लोखंडी रेल्वे पुलाचं पितळी मॉडेल करतोय, त्याचीच ही गोष्ट. सर्वांत उंच मनोरा काचेवर ठेवला, डोलला नाही. तिरक्या सळया ताठ, सहाही खांब ओळंब्यात. गेल्या अपडेटनंतर ज्यांनी ‘सोडून दे, कार्डबोर्डचा कर’ असं सुचवलं होतं, त्यांना सप्रेम नमस्कार.

घोळ कुठे होता ते सांगतो. मूळ पुलाच्या प्रत्येक मनोऱ्याला ओतीव लोखंडाचे सहा पोकळ खांब, दर 15 फुटांवर आडवे गर्डर आणि मधे घडीव लोखंडाच्या तिरक्या सळया. मॉडेलच्या 1:148 या प्रमाणात 12 इंची खांब म्हणजे 2 मिमीची पितळी नळी, एक मजला 30.9 मिमी. इथवर सोपं. पण मनोरा वर निमुळता होत जातो, त्यामुळे प्रत्येक मजल्याचा आडवा तुकडा वेगळ्या लांबीचा आणि प्रत्येक फुलीचा कोन वेगळा. त्यात खालचा सांधा तापवला की शेजारचा सुटायचा. सुटला नाही तर 0.3 मिमीची तार गरम असताना लांबायची, तशीच चिकटायची आणि मग पोट काढून बसायची.

आता दोन सोल्डर वापरतो. खांब आणि गर्डरांना नेहमीचं 63/37 (कथिल-शिसं), ते 183 अंशांना वितळतं. तिरक्या सळयांना बिस्मथवालं, ते 138 लाच वितळतं, म्हणून आधीचे सांधे हलत नाहीत. शिवाय तारेच्या टोकाला नट लटकवून ती ताणलेलीच ठेवायची आणि मग डाग द्यायचा. फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचं रसायन) झिंक क्लोराइडचाच घ्या. राळेची पेस्ट पितळेवर नुसती मिरवते. मात्र काम झाल्यावर घासून धुवा, नाहीतर सकाळी सगळं हिरवं.

जिगही, म्हणजे तुकडे जागेवर धरणारा साचाही, बदलला. सागवानी फळीवर खाच्या पाडल्यात, पण मोजमाप माथ्यापासून खाली. माथा सगळ्या मनोऱ्यांचा सारखा, उतार सारखा, दरीप्रमाणे फक्त पाय लांब-आखूड. म्हणजे पंधराही मनोरे याच एका जिगवर! ऑनलाइन मागवलेले थ्रीडी प्रिंटचे मनोरे आले तेच केळ्यासारखे वाकून, ते आता माळ्यावर.

हे करताना मिडल्सबरोच्या गिल्क्स विल्सन कारखान्याबद्दलचा आदर वाढला. त्यांनी सगळे भाग कारखान्यातच यंत्रावर तासून, जुळवून पाठवले, म्हणून 1859 मध्ये 1,040 फूट लांब आणि 196 फूट उंच पूल अवघ्या 43 दिवसांत उभा राहिला. तोही वेस्टमोरलंडच्या त्या उजाड डोंगराळ मुलखात, डरहॅमचा कोक पश्चिमेला आणि तिकडचं लोहखनिज पूर्वेला न्यायला. आपल्या भोर घाटात त्याच सुमारास दगडी कमानी चढत होत्या. आकडेमोडीत पुलाचा इंजिनिअर थॉमस बाउच याच्या जोडीला रॉबर्ट बो होता. डिप्लोमाला ट्रस (सळयांची त्रिकोणी चौकट) सोडवताना ‘बोज नोटेशन’ने, म्हणजे बलांना अक्षरं देण्याच्या पद्धतीने, ज्यांचं डोकं खाल्लं, तो हाच इसम.

आणि इथेच बेत फिरला. 1962 च्या जानेवारीत मार्ग बंद झाला, पुढच्या वर्षी पूल भंगारात गेला. म्हणून मी शेवटच्या वर्षांचा देखावा करणार होतो, फार्रिश कंपनीचं आयव्हॅट इंजिनाचं मॉडेलही घेऊन ठेवलंय. पण जिगवर त्या फाकलेल्या पायांकडे बघताना स्कॉटलंडमधला टे नदीवरचा रेल्वे पूल आठवला. इंजिनिअर तोच बाउच, कारखानाही त्याच गिल्क्सचा. खांबही सहाच, पण पाया अरुंद. 1878 च्या जूनमध्ये सुरू झाला आणि 28 डिसेंबर 1879 च्या वादळात गाडीसकट नदीत गेला. बेला मात्र शंभर वर्षं वारा खात उभा होता आणि शेवटी गॅसकटरनेच गेला म्हणायचा. लोक बाउचला एका टेवरून झोडतात, ते मला पटत नाही. निदान दोन्ही मनोरे शेजारी ठेवून बघावेत.

तर आता 2.14 मीटरचा अख्खा पूल मागे ठेवतो. भिंतही तेवढी नाही म्हणा. आधी मधले पाच मनोरे आणि त्यांच्या बाजूला टेचा एकच मनोरा, त्याच प्रमाणात. टेचे दोन खांब 18 इंची, चार 15 इंची, म्हणजे 3 आणि 2.5 मिमी नळी. 3 ची बोहरी आळीत मिळाली. 2.5 ची पातळ भिंतीची कुठेच नाही. कुणाकडे हातभर तुकडे पडून असतील तर कळवा, बदल्यात बिस्मथ सोल्डर देतो.