खांब काढले, तो दिवस कुठे नोंदवलाच नाही

गेल्या महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. आता ती शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. शाळेच्या फलकावर लावायला तिला आमच्या कॉलेजच्या २००७ च्या मुलींच्या खो-खो संघाचा फोटो हवा होता. "मॅडम, जिमखान्यात भिंतीवर होता बघा, चषकांच्या कपाटाशेजारी." मी म्हटलं, आणते.

त्या कॉलेजात मी एकतीस वर्षं शारीरिक शिक्षण संचालक होते. तालुक्याचं गाव, कला आणि वाणिज्य, बहुतेक मुलं एसटीच्या पासवर येणारी. ३१ मे २०१९ ला निवृत्त झाले. नंतर दोन-तीनदा समारंभांना गेले, पण मैदानाच्या बाजूला पाय वळला नव्हता. या वेळी वळला.

खो-खोचं मैदान होतं तिथे आता दुचाकी लागतात. खांब उपटलेत आणि दोन्ही खड्डे सिमेंटने बुजवलेत. माझ्या मुली त्या खांबाजवळ सूर मारून गडी टिपायच्या. बाजूला बीसीएची नवी इमारत आहे. ती तुकडी विनाअनुदानित, पूर्ण फी घेऊन चालणारी. गाड्या तिथल्याच मुलांच्या.

शिपाईमामांना विचारलं, खांब कधी काढले? म्हणाले, "आटवत न्हाई मॅडम. लॉकडाऊनच्या आगं-मागं."

मुलींचा खो-खो बंद करायचा, असं त्या कॉलेजात कधीच कोणी ठरवलं नाही. तसा ठराव नाही, सूचनाफलकावर कागद नाही. मी निवृत्त झाले आणि माझं पद भरलं गेलं नाही, एवढंच घडलं. अनुदानित कॉलेजात पगार शासन देतं, पण पद भरायला शासनाची परवानगी लागते. २०१७ मध्ये भरतीवर बंदी आली. पुढच्या वर्षी राज्यभरातली ३,५८० सहायक प्राध्यापकांची पदं भरायला मंजुरी मिळाली, पण रिकाम्या जागांच्या मानाने ती पुरणार नव्हती. आमच्याकडे भूगोलाच्या सरांकडे जिमखान्याचा कार्यभार दिला. माणूस अतिशय सज्जन. सकाळी तास, दुपारी परीक्षेचं काम, त्यात नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायली. त्यांनी मुलांचा कबड्डीचा संघ कसाबसा जिवंत ठेवलाय, हेच मला मोठं वाटतं. पण मुलींना घेऊन तीन दिवस परगावी ते एकटे कसे जाणार? सोबत बाई हवी. तासिका तत्त्वावरच्या ज्या मॅडम आहेत, त्यांना शिकवलेल्या तासाचे पैसे मिळतात. तीन दिवस बाहेर गेल्या की तीन दिवसांची कमाई बुडाली. त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं?

विषयांचंही असंच झालं. तत्त्वज्ञानाचे सर गेले, त्यांची जागा तासिकेवर आली. दर जूनला नवा चेहरा. मग मुलं तो विषय घेईनात, शिकवण्याचे ठरलेले तास भरेनात, आणि एका वर्षी माहितीपत्रकात तो छापलाच गेला नाही. हिंदी विशेष त्याच वाटेवर आहे. प्राचार्य मला म्हणाले, "बाई, वीजबिल, पत्र्यांची डागडुजी, संगणक, सगळं संस्थेनं बघायचं. शिष्यवृत्तीचे पैसे कधी येतील सांगता येत नाही. प्रवेश कमी झाले की जिमखाना फीसुद्धा कमी होते." त्यांच्यावर माझा राग नाही. आकडे त्यांनी समोर ठेवले, ते खरेच होते.

पण माझ्याकडेही एक आकडा आहे. २००७ ला आंतरविभागीय स्पर्धेला आम्ही कोल्हापूरला गेलो. बारा मुली आणि मी. एसटीचं जाणं-येणं, तीन दिवसांचं जेवण आणि बर्फाची एक पिशवी, सगळं मिळून साडेसहा हजारांत बसवलं होतं. मुक्काम एका शाळेच्या वर्गात, सतरंज्या घालून. रात्री मी दाराशी झोपायची.

त्या बारा जणींपैकी पाच जणींच्या घरी मी स्वतः गेले होते. आमची कप्तान वाडीवरची. बारावीनंतर तिचं स्थळ बघणं चालू होतं. पहिल्याच वर्षी तिचे वडील ओट्यावर बसून माझं सगळं ऐकून घेत होते, हो नाही की ना नाही. शेवटी आई आतून म्हणाली, "तुमी संगं हायसा न्हवं मॅडम? मग जाऊंदे तिला." त्या एका वाक्यावर ती तीन वर्षं खेळली, आणि खेळत होती म्हणून तीन वर्षं शिकली. संघात आहे, विद्यापीठाला खेळायला जाते, असं सांगितलं की पाहुणे थांबायचे. बीए झाली, मग बीपीएड. फोटो मागणारी हीच.

घरचे खो-खोसाठी पाठवत नव्हते, बरोबर कोण आहे ते बघून पाठवत होते. एक पद रिकामं राहिलं, तेव्हा वाडी-वस्तीवरच्या किती आयांना "तुमी संगं हायसा न्हवं" असं विचारायला माणूसच उरला नाही, हे कुठल्या ताळेबंदात दिसणार?

आमच्या भागात खाशाबा जाधवांची गोष्ट प्रत्येक पीटीचा शिक्षक सांगतो. मीही सांगायची. गोळेश्वरचा पैलवान, १९५२ चं हेलसिंकी, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आणि त्यांना पाठवायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकून उभे केलेले सात हजार रुपये. मुलींचे डोळे भरून यायचे, माझेही. आता ती गोष्ट आठवली की मी त्या घरापाशीच अडते. एका गुणी पोराला पाठवायला कुणाला तरी राहतं घर का गहाण टाकावं लागलं?

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपले दोन्ही संघ जिंकले. महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे, पुरुषांचा प्रतीक वाईकर, दोघंही आपल्या मातीतली. त्या रात्री माझ्या जुन्या मुलींचे अकरा फोन आले, एक तर नुसती रडत होती. त्याच वर्षी आमच्या कॉलेजचा मुलींचा संघ विभागीय स्पर्धेलाही उतरला नाही.

फोटो मिळाला. जिमखान्याच्या खोलीत आता उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत, त्यांच्या मागे पालथा पडला होता. काच तडकलीय, चेहरे शाबूत आहेत. कपाटात माझं नोंदवहीचं बाडही सापडलं. शेवटची नोंद माझ्याच अक्षरात, फेब्रुवारी २०१९. पुढची पानं कोरी.

ती वही घेऊन मी तशीच प्राचार्यांकडे गेले. मागच्या बाजूचा पट्टा सकाळी सहा ते साडेसात मला द्या, म्हटलं. मानधन नको. ते लगेच हो म्हणाले. भूगोलाचे सर पात्रता फॉर्मवर सही करतील. संघाबरोबर जायला निवृत्त माणूस चालतो का, याची लेखी परवानगी मागितली आहे. अजून उत्तर नाही. जुने खांब भांडारात सापडले, एकाला वाळवी लागलेली. सुताराने नवा करून दिला, पैसे कप्तानीणबाईंनी पाठवले.

सोमवारी फक्की टाकून आखणी केली. सात मुली आल्या. दोघी पंजाबी ड्रेसवरच, अनवाणी.

बारा लागतात. मंगळवारी मी वाडीवर जाणार आहे.