हिर्शफेंगर घेताना: पातं, मूठ आणि म्यान मुळापासून एकत्र आहेत का?

जुन्या जर्मन शिकारी खंजिरांच्या बाजारात नवी नक्कल ओळखणं फारसं अवघड नसतं. संग्राहक फसतात ते जोडकामाच्या वस्तूंना. पातं एका खंजिराचं, मूठ आणि पातं यांच्यामधली आडवी दांडी दुसऱ्याची, म्यान तिसऱ्याचं, आणि सगळं मिळून 'अठराव्या शतकातला दुर्मिळ नग' म्हणून विकायला येतं. भाग सुटे पाहिले तर प्रत्येक भाग खरा जुना असतो, त्यामुळे शंका येत नाही. म्हणून पात्यावरची नक्षी किंवा मुठीवरचं हरीण पाहून भुलण्याआधी हे भाग मुळापासून एकमेकांचे आहेत का ते तपासा.

आधी प्रकार समजून घेऊ. हिर्शफेंगर म्हणजे कुत्र्यांनी रोखून धरलेल्या किंवा जखमी झालेल्या हरणाला, रानडुकराला जवळ जाऊन शेवटचा वार करण्याचं सरळ, बहुधा एकधारी शस्त्र. अठराव्या शतकातली पाती साधारण अर्धा मीटर किंवा त्याहून लांब असत. बंदुका सुधारल्या तसं प्रत्यक्ष काम कमी झालं आणि हिर्शफेंगर वनाधिकारी व शिकाऱ्यांच्या गणवेशाचा भाग बनला. विसाव्या शतकातल्या गणवेशी नगांचं पातं ३५ सेंमीच्या आसपास येतं. वाइडब्लाट हे रुंद, जड पात्याचं हत्यार हाडं आणि फांद्या तोडायला असतं. निकर हा खिशात मावणारा छोटा सुरा. कवटी आणि मानेचा पहिला मणका यांच्या मधल्या जागी तो खुपसला जाई. काही हिर्शफेंगरांच्या म्यानावरच छोट्या सुरीसाठी वेगळा खण असतो. तो खण रिकामा असेल तर किंमत कमी धरा. त्यात सुरी असेल तर तिची मूठ आणि धातूकाम मोठ्या मुठीशी जुळतं का ते बघा. नंतर कोंबलेली सुरी खणात नीट बसत नाही. एक तर ती हलते, नाही तर अडकते.

इथे एक हमखास होणारी चूक सांगायला हवी. जर्मन सैन्यातल्या येगर, म्हणजे हलक्या पायदळाच्या, पलटणींच्या संगिनीलाही हिर्शफेंगरच म्हणत. एम १८७१ हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. आडव्या दांडीला बंदुकीच्या नळीसाठी कडं आणि मुठीच्या टोकाला खाच व दाबायचं बटण दिसलं की ती संगीन समजावी. संगीन म्हणून ती उत्तम संग्राह्य वस्तू आहे, पण शिकारी खंजीर म्हणून तिचे पैसे मोजू नयेत.

काळ ठरवायला शैलीपेक्षा साहित्यावर जास्त विश्वास ठेवा, कारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झोलिंगेन या पात्यांसाठी प्रसिद्ध जर्मन शहरातल्या कारखान्यांनी जुन्या शैलीतले खंजीर भरपूर काढले. दांडीवरून खाली येणारा शिंपल्याच्या आकाराचा रोकोको शैलीतला पत्रा (शिंपला), हरणाच्या खुरांच्या आकाराची दांडीची टोकं, शिकाऱ्यांचा संत मानल्या जाणाऱ्या सेंट हुबर्टसचं शिंगांमध्ये क्रूस असलेलं हरीण, यातलं काहीही १७५० चं असू शकतं आणि १८९० चंही. साहित्य मात्र काळाची खालची मर्यादा दाखवतं. तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू, म्हणजे जर्मन सिल्व्हर, १८२० च्या दशकापासून जर्मनीत कारखान्यांतून बनू लागला. त्याची दांडी असलेला खंजीर त्याआधीचा नसतो. सेल्युलॉइडची मूठ १८७० च्या आधीची असणार नाही. 'डी. आर. जी. एम.' ही जर्मन नमुना-नोंदणीची खूण १८९१ नंतरची. 'रोस्टफ्राय', म्हणजे न गंजणारं पोलाद, असं पात्यावर लिहिलेलं असेल तर १९१२ च्या आधीचा विचारच सोडा, कारण क्रुप या जर्मन पोलाद कंपनीचं या पोलादाचं पेटंट त्या वर्षीचं आहे. 'जर्मनी' हा इंग्रजी शिक्का ब्रिटनच्या १८८७ च्या आणि अमेरिकेच्या १८९० च्या कायद्यानंतर निर्यातीच्या मालावर दिसू लागतो. तो नसणं हा मात्र जुनेपणाचा पुरावा धरू नका, कारण देशांतर्गत विकल्या जाणाऱ्या मालाला त्याची गरजच नव्हती.

आता प्रत्यक्ष तपासणी. मी नेहमी म्यानापासून सुरुवात करावी असं सांगतो. विकणारा पातं उपसून त्याची चमक दाखवतो, आणि म्यानाकडे कोणी पाहत नाही. एक पातळ, टोक गोल केलेली लाकडी काडी म्यानात हलक्या हाताने तळापर्यंत घाला, खूण करा आणि पात्याच्या लांबीशी ताडून बघा. चामडं वयानुसार लांबीत आकसतं. त्यामुळे पातं टोकाला टेकतं आणि दांडी व म्यानाचं तोंड यांच्यात काही मिलिमीटर फट राहते. ती नैसर्गिक आहे. उलट म्यान पात्यापेक्षा दोन-तीन सेंमी लांब निघालं तर दोन शक्यता उरतात: म्यान दुसऱ्याचं आहे, किंवा पात्याचं मोडलेलं टोक घासून नवं केलं आहे. दुसरी शक्यता नक्षीवरून पडताळता येते. मूळ पात्यावर नक्षी संपल्यावर टोकापर्यंत मोकळी जागा सोडलेली असते, आणि पात्याची पन्हळ, म्हणजे लांबीभर कोरलेली खोबण, हीही टोकाच्या बरीच आधी विरत जाते. नक्षी किंवा पन्हळ टोकाला भिडलेली दिसली तर पातं आखूड झालं आहे.

शिंपला खाली झुकलेला असेल तर म्यानाच्या तोंडाची धातूपट्टी त्याच्याखाली बसेल अशी घडवलेली असते. दोन्ही एकत्र बसवून बाजूने प्रकाश टाका. शिंपला पट्टीवर घासून जिथे झिजायला हवा, नेमकी तिथेच झीज दिसली पाहिजे. दांडीचं आणि म्यानाचं पितळ एकाच रंगाचं आहे का, हे हात न पोचणाऱ्या जागी बघा, म्हणजे शिंपल्याच्या मागे आणि म्यानाच्या टोकाच्या टोपणाच्या कडेला. वरचा भाग पॉलिशने सारखा करता येतो, पण मागची बाजू तशी करायला सहसा कोणी बसत नाही.

यानंतर पातं आणि दांडी यांचा सांधा. अनेक नगांवर तिथे चामड्याची पातळ चकती असते. ती पात्याला इतकी वर्षं चिकटून राहिलेली असते की तिच्या कडेला पोलादावर एक काळपट रेघ उमटते. दहापट भिंग लावून ही रेघ शोधा. रेघ चकतीला लागूनच असेल तर चांगलं. ती दोन मिलिमीटर खाली, उघड्या पात्यावर दिसली, तर चकती तरी बदलली आहे किंवा दांडी तरी. चकती मुळीच नसणं हा मोठा दोष नाही, ती सुकून गळून पडते. मात्र कडा ताज्या, एकसारख्या कापलेल्या आणि आतून फिकट रंगाची चकती असेल तर खंजीर अलीकडे उघडला गेला आहे, आणि का उघडला हे विचारायलाच हवं.

पात्याचा मुठीत जाणारा भाग वर टोकाला ठोकून पसरवलेला असतो किंवा चाकीने आवळलेला असतो. ठोकलेल्या टोकावर हातोडीच्या ताज्या, चकचकीत खुणा दिसल्या, किंवा चाकीच्या कडांवर पक्कड घसरल्याचे ओरखडे असले, तर मूठ उघडली गेली आहे हे नक्की. उघडणं म्हणजे आपोआप फसवणूक नव्हे, सैल मूठ दुरुस्त करायलाही ती उघडतात. पण वरच्या सगळ्या खुणांबरोबर हीही आली तर सौदा सोडून द्यावा.

नक्षीबद्दल थोडं सविस्तर, कारण पैसे तिच्यासाठीच जास्त मागितले जातात. झोलिंगेनची नेहमीची पद्धत आम्लाची. पात्यावर आम्ल न लागणारा लेप देत, चित्राभोवतीची जागा उघडी ठेवत आणि तिथलं पोलाद आम्लाला खाऊ देत. म्हणून चित्र चकचकीत आणि थोडं उठून, तर पार्श्वभूमी करडी आणि दाणेदार राहते. भिंगाखाली हे दाणे अनियमित असतात आणि चित्राच्या कडा किंचित गोलसर. लेझरने केलेल्या नव्या कामात पार्श्वभूमी समांतर बारीक रेघांनी भरलेली असते आणि कडा जळल्यासारख्या गडद दिसतात.

जुन्या पात्यावर नंतर आम्लाने नक्षी केली असेल तर ते ओळखायला गंजाचे खड्डे उपयोगी पडतात. एखादा खड्डा नक्षीच्या रेषेवर आला आहे अशी जागा शोधा. खड्ड्याने रेषा तोडली असेल, म्हणजे रेषा खड्ड्याच्या एका काठावर संपून दुसऱ्या काठावर सुरू होत असेल, तर नक्षी आधीची आणि गंज नंतरचा. रेषा खड्ड्याच्या उतारावरून आत उतरून पलीकडे चढत असेल तर आधी गंज आला आणि मग नक्षी झाली. असा एक खड्डासुद्धा निर्णय घ्यायला पुरतो.

कारखान्याच्या शिक्क्यांचा आधार घ्या, पण बेताने. आइकहॉर्नची खार, अल्कोझोचा तराजू, हेन्केल्सची १७३१ पासूनची जुळी माणसं, वायर्सबर्ग-किर्शबाउम या १८८३ मध्ये एकत्र आलेल्या कारखान्याची राजा आणि सरदाराची मस्तकं, ही चिन्हं सहज ओळखता येतात. पुष्कळ चांगल्या पात्यांवर कारखान्याऐवजी विक्रेत्याचं नाव असतं, किंवा काहीच नसतं. धावता लांडगा ही पासाउ या जर्मन गावातल्या पाती बनवणाऱ्यांची खूण, पण ती दिसली की 'पासाउ' म्हणायची घाई करू नये. झोलिंगेनवाल्यांनीही ती खूण सर्रास वापरली.

मुठीचं साहित्य ओळखताना लाल तापवलेली सुई टोचण्याची जुनी युक्ती कृपा करून वापरू नका. सेल्युलॉइड भडकन पेट घेतं, आणि वस्तूला कायमचं छिद्र पडतं ते वेगळंच. सेल्युलॉइड अंगठ्याने जोरात घासलं की कापरासारखा वास येतो, तेवढी खूण पुरे. खऱ्या हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकांना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. हाडात बारीक काळपट ठिपके किंवा चिरा दिसतात. नकली हस्तिदंतात रेषा समांतर आणि फारच नियमित असतात. हरणाच्या शिंगाचा बाहेरचा भाग खाचदार आणि आतला स्पंजासारखा असतो. राळेच्या ओतीव मुठीत दोन्ही बाजूंच्या खाचा तंतोतंत सारख्या किंवा बारीक बुडबुडे सापडतात. शिंग वयानुसार आकसतं, त्यामुळे ओकच्या फळाच्या आकाराचे रिव्हेट किंचित वर आलेले असतात. शंभर वर्षं जुन्या म्हणवणाऱ्या मुठीत रिव्हेट आणि शिंग अगदी सपाट जुळलेले असतील तर पुन्हा भिंग लावा. हस्तिदंताची मूठ असेल तर युरोपीय संघात २०२२ पासून जुन्या घडीव हस्तिदंताच्या विक्रीलाही प्रमाणपत्र लागतं. कागद नसेल तर वस्तू कितीही देखणी असली तरी हात लावू नये.

१९३३ ते १९४५ मधले, म्हणजे नाझी राजवटीतले, नग हा वेगळाच प्रांत आहे. १९३४ च्या शिकार कायद्यानंतर शिकाऱ्यांची एकच सरकारी संघटना उभी राहिली आणि तिच्यासाठी व वनखात्यासाठी ठरावीक नमुन्याचे हिर्शफेंगर आले. साधारणपणे शिकाऱ्यांचं धातूकाम चंदेरी आणि वनखात्याचं सोनेरी. युद्धानंतर पुष्कळांवरचं स्वस्तिक चिन्ह घासून काढलं गेलं, आणि पुढे किंमत वाढवायला त्यावर नवं चिन्ह बसवण्याचा उद्योग सुरू झाला. चिन्हाच्या मागची पिन आणि शिंगातलं भोक यांचं वय जुळतं का ते पाहा. जर्मनीत दंडसंहितेच्या ८६अ कलमाखाली हे चिन्ह सार्वजनिकरीत्या दाखवायला बंदी आहे. संशोधन आणि शिक्षणासारखे अपवाद आहेत. म्हणून तिथल्या लिलावांच्या छायाचित्रांत ते झाकलेलं असतं. मूळ छायाचित्र मागितल्याशिवाय अशा नगावर बोली लावू नका. जर्मन शस्त्रकायद्यानुसार हिर्शफेंगर बाळगायला १८ वर्षं पूर्ण लागतात, आणि तो सार्वजनिक ठिकाणी सहसा अंगावर लावून फिरता येत नाही. नेताना बंद, कुलूप लावलेल्या पेटीत न्यावा.

घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे पातं म्यानाबाहेर काढून वेगळं ठेवणं. चामडं कमावताना वापरलेली आम्लं आणि क्षार ओलावा धरतात आणि पात्याला आतून गंज चढतो. चामड्यातल्या स्निग्धाने पितळेवर हिरवा कळंक येतो तो लाकडी टूथपिकने खरवडावा, पोलादी टोकाने नाही. पात्यावरच्या लाल गंजाला हलकं तेल लावून एक-दोन दिवस मुरू द्यावं, मग मऊ कापडाने टिपावं. स्टीलवूल कितीही बारीक असो, नक्षीच्या पात्यावर ते चालवू नका. त्याने करडी पार्श्वभूमी चमकू लागते, चित्र आणि पार्श्वभूमी एक होतात आणि हे नुकसान भरून येत नाही. पितळेवर अमोनिया असलेलं पॉलिश नको, ताण असलेल्या जागी धातूला बारीक चिरा जातात. सोन्याच्या मुलाम्यावर तर कुठलंच पॉलिश नको. पोलाद आणि पितळेवर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा (मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा) अगदी पातळ हात पुरतो. चामड्याला तेल पाजू नका, शिवण ढिली पडते आणि चामडं काळवंडतं.

आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवा. ओकच्या लाकडाचं कपाट आणि पीव्हीसीची पिशवी दोन्ही टाळा, दोन्हींतून धातूला घातक वायू सुटतात. सेल्युलॉइडच्या मुठीचे खंजीर मात्र इतरांपासून दूर, हवा खेळती असलेल्या जागी ठेवायला हवेत. सेल्युलॉइड कुजताना नायट्रोजनची आम्लं सोडतं आणि बंद पेटीत शेजारच्या पात्यांनाही गंजवतं. मूठ घामेजल्यासारखी चिकट लागली, बारीक चिरांचं जाळं दिसलं किंवा जवळच्या पितळेवर अचानक हिरवा थर आला, तर तो नग त्याच दिवशी बाहेर काढा.