काळ्या प्लगचा चकवा: इंदूरची येझदी, चौथा महिना

मामांची येझदी मोटरसायकल रामबागेतल्या घराच्या ओसरीत अकरा वर्षं उभी होती. १९७६ची, अडीचशे सीसी, एका सिलिंडरला दोन सायलेन्सर. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१पासून जावा बनायची, १९७३पासून टाकीवर येझदी हे नाव आलं आणि १९९६ला कारखानाच बंद झाला. गाडी माझ्या हवाली करताना मामा एवढंच म्हणाले, "कंपनी नाही राहिली रे, पण हिच्यात न दुरुस्त होण्यासारखं काही नाही. फक्त घाई करू नकोस." मी घाई केली. त्यात तीन महिने गेले. नव्याने शिकणाऱ्या कोणाचे तेवढे वाचावेत म्हणून सगळं लिहितो.

तक्रार अशी होती. थंड गाडी टिकलर (कार्बोरेटरमध्ये जास्तीचं पेट्रोल सोडायचं बटण) दाबून तिसऱ्या किकला सुरू. रामबागेहून राजवाडा, तिथून नवलखा, इथपर्यंत छान. भंवरकुआँ आलं की मिसिंग सुरू. आधी एखादा ठोका चुकायचा, मग फटफट आवाज, मग दम जायचा आणि गाडी बंद. वीस मिनिटं सावलीत उभी केली की पुन्हा जशीच्या तशी सुरू. दर वेळी प्लग (इंजिनात ठिणगी पाडतो तो) काढून पाहिला तर काळा आणि ओला.

काळा ओला प्लग म्हणजे पेट्रोल जास्त, हे मला पाठ होतं. पहिल्या मिस्त्रीनेही प्लग बघून तेच सांगितलं, "भैया, कारबोरेटर में कचरा है." त्याने नवा किट बसवला, पैसे घेतले. दोन दिवसांनी गाडी त्याच वळणावर बंद. मग मी स्वतः कार्बोरेटर उतरवला. एकदा नाही, चार वेळा. पायलट जेट (मंद चालीला पेट्रोल देणारी बारीक भोकाची पितळी नळी) उजेडाकडे धरून पाहिलं, तांब्याच्या एका तारेने हलकेच साफ केलं (स्टीलची सुई घालू नका, पितळेचं भोक मोठं होतं). फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता डबा) हलवून पाहिला, आत पेट्रोल शिरलेलं नव्हतं. तरी प्लग काळाच, म्हणून कार्बोरेटरमधल्या सुईची क्लिप वरून तिसऱ्या खाचेतून पहिल्या खाचेत आणली, म्हणजे सुई खाली बसेल आणि पेट्रोल कमी जाईल. हे वहीत लिहून ठेवलं. पुढे त्या एका ओळीने वाचवलं.

पेट्रोलची नळीही बदलली. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुनं रबर त्यात फुगतं आणि मऊ पडतं. माझी नळी बोटांनी दाबली तर चिकट लागत होती. ती बदलायलाच हवी होती, पण आजार तो नव्हता.

चूक कुठे होत होती? मी दर वेळी घरी येऊन, गाडी थंड झाल्यावर तपासत होतो. थंड गाडीत दोष नव्हताच. तो सापडायचा तर जिथे बंद पडते तिथेच, त्याच मिनिटाला बघायला हवं. मग खिशात प्लगपाना, एक नवा प्लग आणि हातमोजा घेऊन निघालो आणि भंवरकुआँला ती बंद पडायची वाट पाहिली. पडली. रस्त्याच्या कडेला घेऊन आधी टाकीचं झाकण उघडलं. फुस्स आवाज आला नाही, म्हणजे झाकणाचं भोक मोकळं आणि टाकीत हवा जातेय. टिकलर दाबला, पेट्रोल लगेच बोटावर आलं, म्हणजे पेट्रोलही पोचतंय. किक हाताने फिरवली, मोकळी, म्हणजे पिस्टन धरत नाही. शेवटी नवा प्लग टोपीत घालून सिलिंडरच्या पात्यावर टेकवला, प्लगचं भोक फडक्याने झाकलं (तिथून पेट्रोलची वाफ येते, ठिणगी लांबच ठेवावी) आणि किक मारली. ठिणगी आली, पण पिवळी, मरगळलेली, दुपारच्या उजेडात जेमतेम दिसणारी. सकाळी ओसरीत हीच निळी आणि कडाडणारी होती.

तेव्हा उलगडलं. ठिणगी कमजोर असली तरी पेट्रोल जळत नाही आणि तेच न जळलेलं पेट्रोल प्लग काळा, ओला करतं. पेट्रोल जास्त गेलं तरी प्लग तसाच दिसतो. प्लग खोटं बोलत नव्हता, मी त्याचा एकच अर्थ धरून बसलो होतो.

येझदीची ठिणगी बॅटरीवर चालते, म्हणून आधी सहा व्होल्टची बॅटरी मोजली. ६.३ आली, ठीक. मग उजव्या बाजूचं कव्हर उघडलं. तिथे डायनॅमोच्या तोंडाशी पॉइंट आणि कंडेन्सर बसतात. पॉइंट म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच. कंडेन्सर म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढी एक डबी. पॉइंट उघडतो तेव्हा कॉइलमधला (बॅटरीच्या करंटपासून ठिणगी बनवते ती) करंट एकदम थांबायला तयार नसतो. त्याला तेवढ्या क्षणापुरती जागा ही डबी देते. त्यामुळे करंट झटकन तुटतो आणि प्लगवर जोरदार ठिणगी पडते. डबी खराब झाली की तो करंट पॉइंटमधूनच उडी मारतो, ठिणगी तिथेच वाया जाते आणि प्लगला उरलंसुरलं मिळतं.

त्या रात्री ओसरीतला दिवा घालवला. मी पॉइंटपाशी वाकलो आणि मामांनी गिअरचा दांडा आत दाबून वर उचलला (येझदीत तोच किक होतो) आणि पाय मारला. पॉइंटच्या फटीत बारीक निळा टिपका चमकला. तेवढा चालतो. मग मामींचा केस वाळवायचा ड्रायर आणला आणि कंडेन्सरवर पाच मिनिटं गरम हवा धरली. पुन्हा किक. या वेळी फटीत लख्ख पांढरट जाळ उडाला, इतका की मामांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. प्लगवर मात्र पिवळं काहीतरी. ड्रायर बंद केला, पंख्याखाली दहा मिनिटं ठेवलं, पुन्हा निळी. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच. मामा खाली बसले आणि म्हणाले, "अरे, गरम झाली की बंद पडते ती हीच की!" चार महिन्यांत इतका आनंद मला झाला नव्हता.

एक सांगायचं राहिलं: असं तपासताना किल्ली चालू ठेवून चहाला जाऊ नका. पॉइंट बंद असताना करंट कॉइलमधून वाहत राहतो आणि कॉइल तापून जाते.

दुसऱ्या दिवशी फक्त कंडेन्सर बदलला, बाकी काही नाही. गाडी तेजाजीनगरपर्यंत जाऊन आली, न थांबता. त्यानंतरच पॉइंटला हात लावला. एका तोंडावर टेकाड, दुसऱ्यावर खड्डा पडला होता. फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) मोजलं तर पूर्ण उघडल्यावर फट जेमतेम ०.२ मिलिमीटर. हवी ०.४. कॅमवर घासणारा फायबरचा तुकडा झिजला की फट अशी कमी होत जाते, पॉइंट उशिरा उघडतो, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे पडतं, इंजिन जास्त तापतं. माझ्या कंडेन्सरला उष्णता कुठून मिळत होती, त्याचा एक भाग इथे सापडला.

नवा पॉइंट ०.४वर बसवला. फट बदलली की टायमिंगही बदलतं, म्हणून ते पुन्हा लावावं लागलं. प्लगच्या भोकातून डेप्थ गेज घालून पिस्टन मॅन्युअलप्रमाणे वरच्या टोकाच्या आधी थांबवला. पॉइंट नेमका कधी उघडतो हे मामांनी त्यांच्या पद्धतीने दाखवलं: पॉइंटमध्ये पतंगी कागदाची पट्टी अडकवायची, ती हलकेच ओढत इंजिन फिरवायचं. ज्या क्षणी पट्टी सुटते, तो क्षण. संक्रांतीच्या उरलेल्या पतंगातली हिरवी पट्टी होती. पॉइंट उघडल्याचं दाखवणारा बल्ब लावूनही पाहिलं, दोन्हींत केसाचाही फरक नव्हता.

मग नवीनच प्रकार सुरू झाला. प्लग पांढराफटक, थ्रॉटल सोडला तरी इंजिन वरच ओरडत राहायचं, चढावर टणटण आवाज. वही उघडली. सुईची क्लिप पहिल्या खाचेत! ठिणगी कमजोर होती तोवर माझी ती चूक झाकली गेली होती, ठिणगी सुधारली आणि ती उघडी पडली. क्लिप पुन्हा तिसऱ्या खाचेत आणली. टणटण गेली, पण आयडल (थ्रॉटल सोडल्यावरची चाल) अजून वर. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधल्या पॅकिंगभोवती ऑइलचे थेंब सोडले तर आवाज लगेच खाली बसला. हवा तिथून ओढत होती. चार वेळा उतरवताना ते पॅकिंग मीच फाडलं होतं. नवं घातलं, आयडल जागेवर आलं.

परवा खंडवा रोडने सिमरोलपर्यंत जाऊन आलो. पेट्रोलमध्ये लिटरला ४० मिली ऑइल मिसळलं होतं, म्हणजे १:२५. आयआयटीच्या पुढे गाडी उभी करून प्लग काढला, भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा तांबूस होता. तिथूनच मामांना फोटो पाठवला.

एक गोष्ट बाकी आहे. गरम झाल्यावर थोडा पांढरा धूर येतो आणि तीनशे किलोमीटरमध्ये गिअरऑइल किंचित उतरलं. येझदीत डाव्या बाजूची चेन आणि गिअरबॉक्स एकाच ऑइलमध्ये असतात, तिथलं क्रँकचं सील गेलं असेल तर इंजिन ते ऑइल ओढून जाळतं. पण या वेळी आधी मोजायचं ठरवलंय. ऑइल मोजायच्या काडीवर रेघ मारली आहे, आणखी दोनशे किलोमीटर झाले की पुन्हा बघणार. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाल्यांचा जावा डे असतो. तोवर डावं कव्हर उघडायचं की नाही, ते त्या रेघेवरून ठरेल.