'आन्नुल्ला' कुठल्या पडद्यावर?

गेल्या वर्षी आमच्या कोथरूडच्या छोट्या कंपनीकडे एक काम आलं. इटालियन सॉफ्टवेअरचे मेनू, एरर मेसेज आणि मदतपुस्तिका थेट रशियनमध्ये करायची होती. अनुवादक शोधायची जबाबदारी माझ्यावर पडली.

पुण्यात काय अवघड, असं मला वाटलं. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकलेल्या एक ताई ओळखीतून भेटल्या. इटालियन येणारा एकजणही मिळाला. दोन्ही भाषा एकाच माणसाकडे मात्र सापडेनात. ताई म्हणाल्या, "रशियनमधून मराठीत मी आनंदाने करीन. पण रशियन माणूस रोज वापरणार ते रशियन मी लिहू नये. ज्याची ती मातृभाषा आहे असा कोणीतरी बघा." तेव्हाच ऐकलं असतं तर तीन आठवडे वाचले असते.

आम्ही एका एजन्सीला काम दिलं. त्यांनी आधी इंग्रजी केलं, त्यावरून रशियन. नमुना ताईंना दाखवला, तर त्यांनी पहिल्याच मेनूवर बोट ठेवलं. इटालियन सॉफ्टवेअरमध्ये 'आन्नुल्ला' हा एकच शब्द दोन कामं करतो: समोरची चौकट काही न करता बंद करणं आणि केलेला बदल मागे घेणं. रशियनमध्ये बंद करायच्या बटणावर 'आत्म्येना' लिहितात, बदल मागे घ्यायला 'आत्म्येनीत्'. इंग्रजीत दोन्हीकडे 'कॅन्सल' झालं होतं. मग रशियन करणाऱ्याला फरक कळणार कुठून? शिवाय रशियनमध्ये एक 'फाइल', दोन 'फाइला', पाच 'फाइलफ', आणि 21 ला पुन्हा एकवचन. आमच्या प्रोग्राममध्ये जागा दोनच रूपांची होती. ती आम्हालाच वाढवावी लागली.

मग अनुवादकांच्या ऑनलाइन यादीतून मातृभाषा रशियन, अनुवाद इटालियनमधून, विषय संगणक असे पाचजण निवडले. प्रत्येकाला पैसे देऊन 200 शब्दांची चाचणी दिली आणि तीत 'आन्नुल्ला' मुद्दाम एकटाच ठेवला. चौघांनी अंदाजाने लिहून पाठवलं. इटलीत राहणाऱ्या एका बाईंनी मात्र आधी विचारलं, "हा कुठल्या पडद्यावर आहे?" काम त्यांनाच दिलं. इटली उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, म्हणून रोज संध्याकाळी त्यांचे प्रश्न यायचे आणि मी त्या त्या पडद्याचे स्क्रीनशॉट पाठवायचो. सगळं झाल्यावर दुसऱ्या रशियन अनुवादकाकडून तपासून घेतलं.

शेवटी लॅपटॉप घेऊन ताईंकडे गेलो. त्यांनी संपादनाचा मेनू उघडला आणि पहिली ओळ मोठ्याने वाचली, "आत्म्येनीत्."