‘कासव नक्की दिसतं का हो?’

फेब्रुवारी सरत आला की फोन सुरू होतात. "तुम्ही दरवर्षी वेळासला जाता ना? कासव नक्की दिसतं का हो?"

नाही. नक्की काहीच नाही. पण एवढं बोलून फोन ठेवला तर समोरचा म्हणणार, मग तुम्ही कशाला जाता? म्हणून जरा सविस्तर सांगते.

वेळास रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात, बाणकोट किल्ल्याच्या अलीकडे-पलीकडे. नाना फडणवीसांचं गाव. मी हरिहरेश्वरावरून जाते, कारण बागमांडल्याहून गाडीसकट फेरीबोटीत चढून वेसवीला उतरण्यात निम्मी सहल वसूल होते.

पहिला गैरसमज मोठ्या कासवाचा. ऑलिव्ह रिडले या जातीच्या समुद्री कासवाची मादी रात्री येते, वाळूत खड्डा करून शे-सव्वाशे अंडी घालते, वरून वाळू दाबते आणि निघून जाते. पुन्हा ढुंकून बघत नाही. पहाटे किनाऱ्यावर फिरणाऱ्या कासवमित्रांना दिसतो तो तिचा माग, वाळूतून ट्रॅक्टरचं चाक गेल्यासारखा. ते अंडी काढून कुंपण घातलेल्या हॅचरीत तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरतात. नाहीतर कोल्हे-कुत्री शिल्लक ठेवत नाहीत. पूर्वी माणसंही ठेवत नव्हती. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ची मंडळी इथे आली ती समुद्रगरुडाच्या शोधात, आणि त्यांना सापडली कासवाच्या अंड्यांची टरफलं. तिथून हे काम सुरू झालं. २००६ पासून कासव महोत्सव भरतो, आणि ज्या गावात अंडी खाल्ली-विकली जायची तिथल्या घराघरांत आता पाहुण्यांसाठी घावणे पडतात.

तर आपण बघायला जातो ती पिल्लं. अंड्यातून बाहेर यायला त्यांना पन्नास-पंचावन्न दिवस लागतात, थंडी जास्त पडली तर आणखी थोडे. म्हणजे तारखेचा अंदाज बांधता येतो, वचन देता येत नाही. सकाळी आणि संध्याकाळी घरट्यांवरच्या टोपल्या उचलतात. टोपलीखाली काही असेल तर असेल.

एका वर्षी सलग तीन वेळा नव्हतं. टोपल्या उचलल्या, वाळू तशीच. माझ्या शेजारचे एक गृहस्थ चिडून म्हणाले, "अहो, आम्ही रात्रभर गाडी चालवत आलोय!" टोपली हातात धरलेला मुलगा शांतपणे म्हणाला, "ती पण आतून वर चढतायत, काका. दोन-तीन दिवस लागतात त्यांना." काका गप्प झाले. मी मात्र हसू आवरत सुरूच्या बनाकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ पिल्लं निघाली. मुठीत मावतील एवढी, ओल्या पाटीच्या रंगाची. ती थेट पाण्यात सोडत नाहीत. पाण्यापासून थोडं अलीकडे, ओल्या वाळूवर ठेवतात; चालणं त्यांचं त्यांनीच करायचं. आपण दोरीच्या मागे. एक पिल्लू माणसाच्या पावलाच्या ठशात पडलं. आपल्याला तो ठसा, त्याला विहीर. चारदा कडेपर्यंत आलं आणि चारदा घसरलं. दोरीमागे पन्नास-साठ माणसं आणि एकाच्याही तोंडून आवाज नाही. पाचव्यांदा ते वर आलं, तेवढ्यात लाट आली आणि त्याला घेऊन गेली.

मी उतरते त्या घरच्या आजी त्या वर्षी बरोबर आल्या होत्या. त्यांनी चप्पल काढून हात जोडले. मला आधी गंमत वाटली. मग आठवलं, देवळात गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाला हात लावल्याशिवाय मीही पुढे जात नाही. तिथे लाजत नाही, मग इथे कसलं अवघडायचं?

जानेवारी २०२२ मध्ये याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवून तिला सोडलं. नाव ‘प्रथमा’. आणि २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायावर ओडिशात २०२१ साली लावलेला बिल्ला निघाला. पूर्व किनाऱ्यावरची बाई पश्चिमेला बाळंतपणाला! आपण इथे मुंबई-गोवा रस्त्याच्या नावाने बोटं मोडतो.

तेव्हा जायचं तर दोन रात्री हाताशी ठेवून जा, आदल्या दिवशी घरमालकांना फोन करून विचारा, आणि फ्लॅश बंद ठेवा. उकडीचे मोदक मात्र आधी सांगावे लागतात.

त्या नऊ पिल्लांमधलं शेवटचं पाण्यात दिसेनासं झालं तेव्हा दोरीपाशी उभा असलेला एक सात-आठ वर्षांचा मुलगा सवयीने ओरडला, "पुढच्या वर्षी लवकर या!" सगळे हसले. टोपलीवाला मुलगा वाळू झटकत म्हणाला, "मादी असेल तर येईल रे. पण दहा-पंधरा वर्षं थांबावं लागेल तुला."

पोरगं बोटांवर मोजायला लागलं.